पितळी कर्णा आणि तीन ग्रॅम

गेला महिनाभर हे लिहू की नको असं चाललं होतं. वाचणार घरातलीच माणसं, आणि त्यातली निम्मी रुसणार. पण परवा धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "अण्णा, एवढं काय हो त्या एका रेकॉर्डचं!" मग म्हटलं, आता लिहायचंच. रुसायचं असेल त्यांनी रुसावं. माझी पंचाहत्तरी झाली आहे, आता मला घाबरून चालणार नाही.

तर मंडळी, त्या पंचाहत्तरीपासूनच सुरुवात करतो. घरच्या अंगणातच कार्यक्रम होता. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं झालं, पेढे झाले, आणि मग भावंडं-भाचरांनी वर्गणी काढून आणलेल्या भेटीवरचं कापड भाचेजावयांनी दूर केलं. कर्ण्याचा फोनो! लखलखीत पितळी कर्णा, खाली पॉलिश केलेली लाकडी पेटी, पेटीवर कुत्र्याचं चित्र, बाजूला चावी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. "ओरिजिनल अँटिक आहे अण्णा, चोवीस हजार मोजलेत," भाचेजावई कौतुकाने म्हणाले. त्यांचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पुढचं सगळं वाचताना हे वाक्य लक्षात असू द्या.

"वाजवून दाखवा ना!" कुणीतरी म्हणालं. पुतण्याचा मुलगा उत्साही. तो आत पळाला, कपाट उघडलं आणि सगळ्यात वरची रेकॉर्ड घेऊन आला. मी खुर्चीत, मांडीवर शाल, श्रीफळ, पेढ्याची बशी. हे सगळं बाजूला ठेवून उठेपर्यंत त्याने चावी दिली होती आणि सुई टेकवली होती. कर्ण्यातून चिरक्या आवाजात काहीतरी भराभर बाहेर पडलं आणि सगळं अंगण हसायला लागलं. लहान मुलं तर लोळायची बाकी होती. मी पोचून तो हात उचलला तोवर पन्नासेक सेकंद गेले असतील.

ती माणिक वर्मांची एल.पी. होती. आमच्या हिने १९७६ साली, नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेली. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने तिचं नाव आणि तारीख आहे. ती २०१७ साली गेली. तिच्या साड्या वाटल्या, भांडी वाटली, त्याला मी कधी आडवा आलो नाही. रेकॉर्डी तेवढ्या ठेवल्या होत्या.

आता काय झालं ते मास्तरकीच्या सवयीने समजावून सांगतो, कारण हसणाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं.

चावीचा फोनो बनला तो लाखेच्या तबकड्यांसाठी. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. त्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ही पूड पोलादी सुईला घासते, घासून तिला खाचेच्या आकाराची करते. म्हणून तर दर बाजूला सुई बदलायची रीत होती. म्हणजे झीज सुईची व्हावी, तबकडीची नव्हे, अशी ती योजना. त्या फोनोचं डोकं, म्हणजे ज्यात अभ्रकाची किंवा धातूची चकती थरथरते ते, शंभर ग्रॅमच्या वर वजनाचं असतं. लाखेला ते चालतं. एल.पी. मात्र प्लॅस्टिकच्या जातीची, मऊ. तिची खाच केसाएवढी बारीक, लाखेच्या खाचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची. तिच्यावर सुईचा भार असावा दोन-तीन ग्रॅम. तिथे शंभर ग्रॅमची पोलादी टोचणी ठेवली की तो नांगर होतो. आणि तेहतीसच्या गतीची तबकडी अठ्ठ्याहत्तरने फिरवली की गाणं सव्वादोन पटीहून जास्त वेगाने पळतं. म्हणून ते चिरकं. म्हणून तुम्ही हसलात. पन्नास सेकंदांत त्या सुईने गाण्याची जवळजवळ दोन मिनिटं नांगरली.

पोराचा काही दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा राग आहे तो विकणाऱ्यावर आणि विकत घेणाऱ्या मोठ्या माणसांवर. चोवीस हजारांची वस्तू विकताना "यावर एल.पी. लावू नका" हे एक वाक्य दुकानदाराच्या तोंडून निघू नये? आणि घेणाऱ्यांपैकी एकानेही विचारू नये की हे वाजतं कसं? साधा मिक्सर घेताना तुम्ही दहा प्रश्न विचारता!

आणि ते "ओरिजिनल अँटिक". मी दुसऱ्या दिवशी पेटी उघडून पाहिली. आत जुन्या पेटी-फोनोतून काढलेलं स्प्रिंगचं यंत्र, भोवती नवं लाकूड, वर नवा कर्णा. हा धंदा आपल्याकडे कित्येक वर्षं चालू आहे. मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटला असे चकचकीत कर्णे ओळीने मांडलेले मी स्वतः पाहिले आहेत. गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी पाहुणे आणि हॉटेलवाले. बाहेरचा कर्णा असलेले खरे फोनो १९३० च्या आसपासच मागे पडले. आपल्या आजोबांच्या वेळी घरोघर होता तो झाकणाचा, बॅगेसारखा उचलून नेता येणारा पेटी-फोनो. त्याला कर्णा नसे, म्हणून आज त्याला भाव नाही. तो मोडून त्याचा कर्ण्याचा केला की भाव! (कुत्र्याच्या चित्राची गंमतही सांगून टाकतो. चित्रकार बॅरॉड याने मुळात त्या कुत्र्यासमोर नळकांडीवाला फोनोग्राफ रंगवला होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली चित्र घेतलं ते त्यावर आपलं यंत्र रंगवून देण्याच्या बोलीवर. म्हणजे खाडाखोड मूळ चित्रापासूनच आहे म्हणायची.)

या सगळ्याच्या मुळाशी "विंटेज" हा एक शब्द आहे. मूळचा द्राक्षांच्या तोडणीचा शब्द, अमुक सालची दारू चांगली अशा अर्थाने वापरायचा. आता तो कशालाही चिकटवतात. आपल्याकडे जुनं, जुनाट, जुनापुराणा, जीर्ण असे किती नेमके शब्द आहेत! जुनं म्हणजे वय झालेलं, जुनाट म्हणजे वय होऊन निरुपयोगी झालेलं. दुकानदाराने "जुना रेकॉर्ड प्लेअर" म्हटलं तर तुम्ही विचाराल, चालतो का? "विंटेज" म्हटलं की तो प्रश्नच पुसला जातो आणि किमतीपुढे एक शून्य वाढतं.

पंचाहत्तरीनंतर मी ठरवलं की आता प्लेअर घ्यायचाच. आमचा जुना कधीच निकामी झाला होता. पेन्शनीतून बारा हजारांच्या आत सगळं बसवायचं, अशी मर्यादा घालून घेतली. साताऱ्याहून पुण्याला तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेत एका दुकानात झाकणातच स्पीकर असलेला पोर्टेबल प्लेअर पाहिला. सत्तरच्या दशकात लग्नाच्या मांडवात वाजायचा तसला. त्याची थाळी बोटाने फिरवावी तेव्हा फिरे. भाव बावीस हजार. का हो, म्हटलं तर, "सर, विंटेज आहे, शोकेसला ठेवा." शोकेसला ठेवायला मला फोनो मिळालेला आहे, असं म्हणून मी उतरलो.

इथे आमच्या पिढीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. एच.एम.व्ही. फिएस्टाचं नाव काढलं की आमचे डोळे पाणावतात. माझेही. पण बाबांनो, त्या काळच्या बहुतेक पोर्टेबल प्लेअरांमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असे आणि सुईचा भार चांगला पाच-सहा ग्रॅम, कधी जास्तच. मागे सरकवायचं वजन नाही, म्हणजे भार कमी करायची सोय नाही. सुई वर्षानुवर्षं तीच. आपल्या कितीतरी रेकॉर्डी आपणच खरवडल्या आहेत. नुसत्या आठवणीपोटी बावीस हजार घालून पुन्हा तेच करायचं का?

हल्ली सूटकेससारखे नवे प्लेअर मिळतात, सहा-सात हजारांत, गुलाबी, आकाशी रंगांत. पुतण्याने तोच सुचवला होता. त्याचं यंत्र म्हणजे वरच्याच गोष्टीचा प्लॅस्टिकचा अवतार. तेच सिरॅमिक, तोच भार, तोच न जुळवता येणारा हात. एका खेपेत रेकॉर्ड मरते असं मी म्हणणार नाही, तेवढा अन्याय नको. सुई नवी असेल तर काही वर्षं निभेल. पण चार नव्या रेकॉर्डी घेऊन हौस करणाऱ्याला ते ठीक, ज्याच्याकडे पुन्हा न मिळणारी गोष्ट आहे त्याला नाही.

दुसऱ्या टोकाला आमचे एक स्नेही आहेत, निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या मते लाखभर रुपयांच्या खाली ऐकण्यालायक काही मिळतच नाही. त्यांनी मला दोन तास आवाजाचा "उबदारपणा" समजावला. मी त्यांना म्हटलं, अहो, पंचाहत्तराव्या वर्षी माझ्या कानाला वरच्या पट्टीतलं निम्मं ऐकूच येत नाही, त्यातला उबदारपणा मला कुठून कळणार? त्यांचं ऐकून माणूस एक तर कर्ज काढतो नाहीतर काहीच घेत नाही. आणि काही न घेणारा माणूस शेवटी रेकॉर्डी रद्दीत घालतो. म्हणून मला असा सल्ला निरुपद्रवी वाटत नाही.

"सगळं यूट्यूबवर आहे," हे भाच्याचं म्हणणं. आहे. पुष्कळ आहे. मीही ऐकतो. पण सगळं नाही, हे आमच्या कपाटातल्या लाखेच्या चाळीस तबकड्यांवरून मी त्याला दाखवून दिलं. त्यातल्या सातांचा शोध त्याला लागला नाही. आणि जे आहे तेही कुणीतरी, कुठेतरी, बऱ्या प्लेअरवर वाजवलं म्हणूनच तिथे पोचलं ना?

आता एक फजिती माझी स्वतःची. नाहीतर म्हणाल, अण्णा दुसऱ्यांनाच बोलतात. २०१९ मध्ये मेव्हण्याने न्यू जर्सीहून त्याचा जुना प्लेअर पाठवला होता. तो एकशेदहा व्होल्टचा, म्हणून मी ट्रान्सफॉर्मर आणला आणि स्वतःवर खूष झालो. वाजायला लागला, पण बाईंचा आवाज बुवांसारखा! हिची पेटी काढून सूर लावून पाहिला. मला पक्कं ठाऊक होतं की ते गाणं काळी चारमधलं आहे. येत होतं पांढरी चारमध्ये. तीन सूर खाली! कारण असं की अमेरिकेत विजेची कंपनं सेकंदाला साठ, आपल्याकडे पन्नास. त्या जातीची मोटर कंपनांबरोबर फिरते, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, कंपनं बदलत नाही. सहाऐवजी पाच, म्हणजे बरोब्बर कोमल गंधाराचं अंतर. पन्नासची पुली बसवली तर काम होतं, पण त्या मॉडेलची पुली मला मिळाली नाही. क्वार्ट्झवर किंवा डी.सी. मोटरवर चालणाऱ्यांना हा त्रास नसतो. पण कुणी "इंपोर्टेड" म्हणून अमेरिकेतला जुना प्लेअर गळ्यात मारू लागला तर आधी मागच्या पट्टीवर ५० की ६० ते वाचा.

गती तपासायला काहीही लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, घड्याळ लावा, तीन मिनिटं फेरे मोजा. शंभर भरले पाहिजेत. मेव्हण्याच्या प्लेअरचे त्र्याऐंशी भरले होते.

तिसऱ्या खेपेत काम झालं. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी १९७२ साली इंग्लंडहून येताना आणलेला गॅरार्ड एस.पी. २५, मार्क ३. त्या काळात तिकडे मध्यमवर्गीय घरांत हा सर्रास असे. फार मोठी वस्तू नव्हे, आणि म्हणूनच मला परवडली. पण हाताला मागे सरकणारं वजन आहे, कार्ट्रिज काढून दुसरं बसवता येतं, आणि तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर अशा तिन्ही गती आहेत. लाखेच्या तबकड्यांमुळे मला ती तिसरी गती हवीच होती. गृहस्थ म्हणाले, "बंद आहे हो, वीस वर्षं." हे वाक्य मला फार आवडलं. तोवर भेटलेल्या प्रत्येकाने "वर्किंग कंडिशन" म्हटलं होतं आणि एकाचाही चालत नव्हता.

मी शाळेतलं भिंग बरोबर नेलं होतं, आणि खराब झाली तरी चालेल अशी एक रेकॉर्ड. (चांगली रेकॉर्ड अनोळखी सुईखाली कधीही घालू नये. कुठून शिकलो ते सांगायला नको.) आर्म दोन बोटांत धरून अलगद हलवला, खडखडला नाही. मोटर सुरू केली तर गुणगुणत होती, थाळी मात्र ढिम्म. खालचं रबरी चाक दगडासारखं झालेलं, आणि आतलं ग्रीस जुन्या काकवीसारखं घट्ट. हे दोन्ही या यंत्राचे ठरलेले आजार, दोन्ही बरे होणारे. आर्म वाकलेला असता किंवा मोटर जळकी असती तर हात जोडून परत आलो असतो. त्यांनी सहा सांगितले, पाच हजारांत दिला, वर चहा पाजला.

साताऱ्यात एक रेडिओ दुरुस्त करणारे आहेत, माझेच विद्यार्थी, आता साठीला आलेले. त्यांनी सगळं ग्रीस रॉकेलने धुऊन काढलं, नवं घातलं, चाकाची कड बारीक पॉलिशपेपरने घासली. मजुरी घेईनात, बळेच आठशे दिले. साधं मॅग्नेटिक कार्ट्रिज अठराशेला, सुईसकट. लाखेच्या तबकड्यांसाठी जाड टोकाची वेगळी सुई चौदाशेला. एल.पी.ची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर करते, म्हणून ही वेगळी लागते. अ‍ॅम्प्लिफायर घरातला जुनाच, त्याला मागे फोनोची जागा आहे. नसती तर एक छोटा प्रीअ‍ॅम्प घ्यावा लागला असता. एकूण नऊ हजार. कर्ण्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि त्यात रुबाब असा कशालाच नाही. करड्या रंगाचा, एका कोपऱ्यात पोपडा उडालेला डबा आहे तो. बहीण म्हणाली, "शी! हे काय आणलंत?"

जुन्या प्लेअरसाठी पाच हजार घालणारा माणूस नव्या सुईला अठराशे द्यायला कां कू करतो, हे मी दुकानांतून इतक्यांदा पाहिलं की शेवटी एकाला तिथेच बोललो. अहो, रेकॉर्डला शिवते ती फक्त सुई. बाकी सगळं फिरवायला आणि धरायला. विकणारा "सुई चांगली आहे" म्हणाला तरी ती वीस वर्षं जुनी आहे असंच धरून चालायचं. पैसे कमी असतील तर प्लेअर आणखी कुरूप घ्या, सुई नवीच घ्या.

भार मोजायला मी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा भाच्याकडून मागून आणला. वजन सरकवत सरकवत तीन ग्रॅमवर आणलं. तीन ग्रॅम म्हणजे साधारण अर्ध्या चमच्यापेक्षा थोडी जास्त साखर, आणि त्या कर्ण्याच्या डोक्याचा भार म्हणजे अर्धी वाटी.

मग ती रेकॉर्ड लावली. पहिल्या गाण्याचा पहिला भाग गेला आहे. आवाज आहे, पण रेती चाळावी तशी खर्रखर्र, आणि दोन ठिकाणी सुई उडी मारते. जवळजवळ दोन मिनिटं. त्यानंतर एका फेऱ्यात अचानक सगळं स्वच्छ होतं आणि बाई मध्येच, ओळीच्या अर्ध्यातून, गायला लागतात. मी आता सुई तिथेच नेऊन ठेवतो. मागची बाजू शाबूत आहे.

तर बहिणाबाई, "एवढं काय" ते हे. भेट परत घेऊन जा असं मी म्हणत नाही, पण कर्णा बैठकीत ठेवायला जागा नाही, तो माडीवर आहे. कुणाला शोकेससाठी हवा असेल तर खुशाल न्या, चावी खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याची ती सुयांची डबी मात्र मी काढून ठेवली आहे. आणि पुतण्याच्या मुलाला रविवारी पाठवा. त्या दिवसापासून तो माझ्यासमोर यायला बिचकतोय असं कळलं. त्याला सांगा, आजोबा रागावलेले नाहीत. लाखेच्या तबकड्या धुवायच्या आहेत आणि मला एकट्याला ते जमत नाही.